सभासद झाल्याने नोकरी मिळते का?

पत्र: मी मूळची नाशिकची. ओहायोतल्या एका विद्यापीठात हायर एज्युकेशनमध्ये एम.ए. करते आहे, येत्या मे महिन्यात पदवी मिळेल. असिस्टंटशिप म्हणून, म्हणजे शिकता शिकता विद्यापीठातच करायचं पगारी काम म्हणून, अ‍ॅडव्हायझिंग ऑफिसमध्ये काम करते. पदवीच्या मुलांना विषय निवडायला, नापास झाले तर सावरायला मदत करायची. हे काम मला मनापासून आवडलं आहे. आमच्या डायरेक्टर म्हणतात, नाकेडा या अ‍ॅडव्हायझरांच्या संघटनेची सभासद हो, परिषदेला ये. मित्र म्हणतात, पैसे वाया जातील. बाबांना तर हे करिअर आहे हेच पटत नाही. काय करू?

उत्तर:

सभासद जरूर हो. मात्र सभासदत्वाच्या जोरावर नोकरी मिळेल असं धरून चालू नकोस. नोकरी मिळेल ती तू त्या ऑफिसात बसून जे शिकलीस त्यावर. संघटना ते शिकलेलं नीट मांडायला शिकवते आणि ते ऐकून घेणारी अनुभवी माणसं भेटवते. नवख्या माणसाला या दोन गोष्टी एकट्याने जमवणं फार जड जातं.

आधी बाबांचं बघू. त्यांची शंका रास्त आहे, कारण आपल्या बहुतेक कॉलेजांत हे काम कुणाच्याच नावावर नसतं. थोडं वर्गशिक्षक करतात, थोडं ऑफिसातले क्लार्क, उरलेलं सीनियर मुलं. अमेरिकेत त्यासाठी पगारी माणसं असतात आणि बऱ्याच जागांसाठी मास्टर्स मागतात. या लोकांची पहिली राष्ट्रीय परिषद १९७७ मध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला भरली, १९७९ मध्ये रीतसर संघटना झाली. तीच ही नाकेडा. १९८१ पासून तिचं स्वतःचं संशोधन-नियतकालिक निघतं. तिचं कार्यालय कॅन्सस स्टेट विद्यापीठात आहे आणि त्या विद्यापीठात अकॅडेमिक अ‍ॅडव्हायझिंगमध्येच मास्टर्स करता येतं. बाबांना एवढं सांग. आणि आता आपल्याकडेही मेजर-मायनर, क्रेडिट बँक आल्यावर मुलं किती गोंधळली आहेत, हे त्यांनी शेजारच्या कॉलेजातल्या कुणाला विचारून बघावं.

आता तुझं. नाकेडाने २०१७ मध्ये अ‍ॅडव्हायझरला काय काय यायला हवं याची तीन भागांत मांडणी केली: कामामागचा विचार, नियमांची माहिती आणि माणसाशी वागणं. परीक्षेसाठी पाठ करावी तशी ती वाचू नकोस, रोजच्या कामाशी ताडून वाच. समज, नर्सिंगला जायचं ठरवलेला मुलगा रसायनशास्त्रात दुसऱ्यांदा नापास होऊन तुझ्यासमोर बसला आहे. विषय पुन्हा घेता येतो का आणि त्याचा सरासरीवर काय परिणाम होतो, ही माहिती. रात्रपाळीची नोकरी करतो म्हणून अभ्यास होत नाही, हे त्याच्याकडून काढून घेणं म्हणजे वागणं. आणि 'नर्सिंग सोड' असं आपण का सांगायचं नाही, निर्णय त्याच्याच हातात का ठेवायचा, हा विचार. त्याच्या आईचा फोन आला तर? आपल्याकडे सर सगळं सांगून मोकळे होतात. तिथे १९७४ चा फेर्पा कायदा आहे. विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याचे गुण पालकांनाही सहसा सांगता येत नाहीत. असे चार-पाच प्रसंग, नावं आणि ओळख पटेल असा तपशील वगळून, आत्तापासून लिहून ठेव. अर्जासोबत अनेक ठिकाणी 'अ‍ॅडव्हायझिंगबद्दलची तुमची भूमिका' मागतात. ज्यांच्याकडे असे प्रसंग नसतात ते 'मला मुलांना मदत करायला आवडतं' एवढंच लिहितात, आणि तसे अर्ज ढिगाने येतात.

विद्यार्थ्यांसाठी सभासद फी कमी असते, म्हणजे ही सवलत पदवी हातात पडेपर्यंतचीच. वार्षिक परिषद मोठी आणि खर्चिक. तुझ्यासाठी वसंतातली प्रादेशिक परिषद जास्त उपयोगी, कारण तिथे आसपासच्या राज्यांतल्या विद्यापीठांचे लोक येतात आणि उद्या मुलाखतीच्या टेबलापलीकडे त्यांच्यापैकीच कुणी असू शकेल. नुसती ऐकायला जाऊ नकोस. तुमच्या ऑफिसने सोडवलेला एखादा छोटा प्रश्न घेऊन पोस्टर मांड, डायरेक्टरांना सोबत घे. प्रवासखर्चासाठी आधी विभागाकडे, मग ग्रॅज्युएट स्कूलकडे अर्ज कर. संघटनेच्या विद्यार्थी-शिष्यवृत्त्याही बघ. परिषदेत भाषण किंवा पोस्टर मांडायला मिळावं म्हणून आलेले प्रस्ताव वाचायला स्वयंसेवक लागतात, त्यात नाव दे. दहा प्रस्ताव वाचले की अकरावा आपण कसा लिहायचा ते आपोआप कळतं. अनोळखी माणसांशी बोलायला संकोच वाटत असेल तर पोस्टरशेजारी उभी राहा, लोक स्वतःहून येऊन विचारतील.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: व्हिसा. तुझी पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतली नसेल तर ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीचे, १२ महिनेच मिळतील, पुढची २४ महिन्यांची मुदतवाढ नाही. त्यातही बिनकामाचे ९० दिवसच चालतात. जमेची बाजू अशी की विद्यापीठांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून सूट असते, त्यामुळे तुला लॉटरीच्या भरवशावर राहावं लागणार नाही. पण अ‍ॅडव्हायझरच्या जागेसाठी प्रत्येक विद्यापीठ व्हिसा प्रायोजित करतंच असं नाही. जाहिरातीत हे नेहमी लिहिलेलं नसतं आणि एचआरकडून उत्तर यायला वेळ लागतो. परिषदेत भेटलेल्या, तुझ्यासारखंच बाहेरून येऊन या कामात स्थिरावलेल्या माणसाला थेट विचार: तुमच्याकडे या पदासाठी आजवर कुणाला प्रायोजित केलंय का? माझ्या मते सभासद फी एवढ्या एका उत्तरातही वसूल होते.

ओपीटीचा अर्ज शिक्षणक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. तुझ्या बाबतीत ती तारीख साधारण फेब्रुवारीत येईल. तेव्हा जानेवारीतच इंटरनॅशनल ऑफिसची वेळ घे, ताजे नियम त्यांच्याकडूनच खात्री करून घे, आणि पोस्टरच्या प्रस्तावाची मुदत कधी संपते ते आज डायरेक्टरांना विचार.