नव्वदी पार केलेल्या तुमच्या घरच्या माणसाची कोणती आठवण सगळ्यांत जवळची आहे?

माझ्या आजोबांची सांगतो. घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे. जन्म १९३१चा, गेले २०२३च्या पावसाळ्यात.

आबा एसटीत कंडक्टर होते. कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघालं त्याच वर्षी, १९५४ साली, ते नोकरीला लागले. पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावून तेव्हा सहाच वर्षं झाली होती. पाटण तालुक्यातल्या गावांच्या फेऱ्या त्यांच्याकडे असायच्या, त्यात मुक्कामी गाडी बरीच. संध्याकाळी शेवटच्या गावात पोचायचं, तिथेच झोपायचं आणि पहाटे परत निघायचं. गावातलं कुणीतरी भाकरी-कोरड्यास आणून द्यायचं.

अशा नोकरीत माणूस घरी कमीच असणार. पण माझ्या तिन्ही आत्यांना लहानपणचं विचारा, त्या आधी वेण्यांचंच सांगतात. आबा ड्यूटी नसेल त्या दिवशी तिघींना ओळीने बसवून वेण्या घालायचे. दिवसभर तिकिटं फाडून, चिमटा दाबून बोटांना घट्टे पडलेले, तरी केस ओढला जायचा नाही. धाकटी आत्या म्हणते, आईने घातलेली वेणी दुपारी सुटायची, आबांची संध्याकाळपर्यंत टिकायची.

१० डिसेंबर १९६७च्या रात्री ते हेळवाकच्या अलीकडे एका गावात मुक्कामाला होते. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. ड्रायव्हर आणि ते गाडीतच झोपले होते. आबांना आधी वाटलं, कुणीतरी मिळून गाडी ढकलतंय. मग गावाकडून आवाज आला. तो आवाज कसला होता, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. एवढंच सांगायचे की उजाडेपर्यंत दोघांनी लोकांबरोबर दगडमाती उपसली, जखमींना सीटवर आडवं केलं आणि गाडी पाटणला आणली. त्या फेरीचं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, त्यांनी कोरंच दिलं. आगारात कुणी काही विचारलं नाही. मला वाटतं, माणसं मोजायची त्यांची सवय त्या दिवसापासून जास्त घट्ट झाली. लग्न असो, जत्रा असो, पंगतीत बसायच्या आधी ते घरची सगळी डोकी मोजायचे. एक कमी भरलं तर घास तोंडात जायचा नाही.

१९८९ला निवृत्त झाले. त्यानंतर पुढची चौतीस वर्षं जगले, म्हणजे नोकरीत जितकी काढली जवळजवळ तितकीच. रोज पहाटे प्रीतिसंगमावर चालत जायचे. आम्हा नातवंडांना पाठीला भोपळा बांधून त्यांनीच कृष्णेत पोहायला शिकवलं, आणि ऐंशीच्या पुढे काठावर उभं राहून पतवंडांवर ओरडायचे, ‘पाय मार, पाय!’ प्रत्येक नातेवाइकाकडे जायची गाडी त्यांना तोंडपाठ होती. आपल्याला फक्त गाव सांगायचं, ते वेळ सांगायचे.

२०२२च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरीपुढच्या लोकांना एसटी फुकट झाली. आबा तेव्हा एक्याण्णव वर्षांचे. म्हणाले, चल, चिपळूणला थोरलीकडे जाऊन येऊ. घरच्यांनी कार काढायचा आग्रह केला, तो त्यांनी ऐकलाच नाही. कुंभार्ली घाटातून मी त्यांच्याबरोबर गेलो. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. तिने मशीनमधून शून्य रकमेचं तिकीट काढून दिलं, ते आबांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. कोयनानगर मागे पडल्यावर तिला हाक मारून म्हणाले, ‘बाळ, बेचाळीस आहेत ना?’ तिने मशीनवर पाहिलं. चाळीस फुल, दोन हाफ. ती पुढचा सगळा घाट त्यांच्याशेजारी बसून त्यांच्या काळातल्या ट्रेबद्दल आणि रंगीत तिकिटांबद्दल विचारत होती. आबांना इतकं खूश झालेलं मी त्याआधी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

पण तुम्ही सगळ्यांत जवळची आठवण विचारलीत. ती त्यांच्या तेराव्याच्या दिवशीची आहे.

आबा नोकरीत होते तेव्हा पाटणकडची बरीच पोरं कराडला खोली घेऊन शिकायची. त्यांचे जेवणाचे डबे गावाहून सकाळच्या गाडीने यायचे. कंडक्टर ते स्टँडवर उतरवायचा, पोरं येऊन घेऊन जायची. तेराव्याला एक निवृत्त शिक्षक आले होते, आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचे नव्हते. ते म्हणाले, ‘माझी आई आजारी असायची. आठवड्यातून एखादा दिवस माझा डबा यायचा नाही. मी स्टँडवर उभा असायचो, तर कंडक्टर एक डबा माझ्या हातात देऊन म्हणायचे, घे, गावाहून आलाय. भाकरी आईच्या हातची नाही, हे मला कळायचं. पण मी कधी बोललो नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.’

आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तरीच. चार भाकरी बांधून द्यायची मी, आणि माणूस घरी आला की पुन्हा ताटावर बसायचा.’