दोन महागडे मॉनिटर शेजारी ठेवल्यावर कोणाचे चित्र सरस हे कसे ठरवावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, २७ इंची ४के आयपीएस (मागच्या दिव्याने, म्हणजे बॅकलाइटने, उजळणारा एलसीडी पडदा) आणि ३२ इंची ४के क्यूडी-ओलेड (ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) हे दोन मॉनिटर शेजारी ठेवून पाहिले तेव्हा ओलेडचे चित्र उघडच सरस वाटले. मग मुख्य काम छायाचित्रे संपादून छापण्याचे आणि फावल्या वेळी चित्रपट पाहण्याचे असताना आयपीएस घेण्यात काही अर्थ आहे का? माझ्या मते तुम्ही पाहिलेला फरक बराचसा पॅनेलचा नसून कारखान्यातून ठरवून आलेल्या सेटिंगचा असावा, आणि ती सारखी केल्याशिवाय तुलनेला बसूच नये.

शेजारी ठेवलेल्या दोन पडद्यांपैकी जो थोडा अधिक उजळ आणि किंचित निळसर असतो तो आपल्याला 'स्वच्छ' वाटतो, आणि हे ठाऊक असलेली माणसेही त्याला फसतात. म्हणून दोन्ही मॉनिटर निदान अर्धा तास चालू ठेवावेत, मग कॅलिब्रेटरने (पडद्याचे रंग आणि उजळपणा मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून दोघांचा ब्राइटनेस १२० निट्स (निट हे उजळपणाचे एकक), पांढरा रंग डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाण पांढरा) आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा) २.२ करावा. कॅलिब्रेटर नसेल तर दोघांनाही एसआरजीबी (नेहमीच्या छायाचित्रांसाठी आणि वेबसाठी ठरलेले प्रमाण रंगक्षेत्र) मोडमध्ये टाकून ब्राइटनेस डोळ्यांनी जुळवला तरी पुष्कळ फरक पडतो. विस्तृत रंगक्षेत्राचा, म्हणजे त्याहून अधिक गडद रंग दाखवू शकणारा, पडदा मूळ मोडमध्ये असला आणि प्रोग्रॅम प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे हे सांगणारी फाइल) पाळत नसला, की साध्या एसआरजीबी छायाचित्रातला लाल शर्ट भडक दिसतो; पाहणाऱ्याला ती श्रीमंती वाटते, पण प्रत्यक्षात तो चुकीचा रंग असतो.

एक विचित्र गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. आकडे तंतोतंत जुळवूनही दोन पडद्यांचा पांढरा रंग डोळ्यांना वेगळा दिसू शकतो, कारण आयपीएसच्या एलईडी बॅकलाइटचा आणि ओलेडचा वर्णपट वेगळा असतो आणि मोजणीची प्रमाण पद्धत प्रत्येकाच्या डोळ्यांशी पूर्णपणे जुळत नाही. तो दोष समजू नये. पडदे आळीपाळीने, प्रत्येकाला डोळे सरावू देऊन पाहावेत.

आता काळ्या रंगाविषयी, कारण तुमची पसंती बहुधा तिथेच ठरली आहे. ओलेडचा पिक्सेल विझतो तेव्हा खरोखर विझतो, तर साध्या आयपीएसचा काँट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्याच्या उजळपणाचे गुणोत्तर) साधारण १०००:१ असल्यामुळे १२० निट्सच्या पांढऱ्यापुढे त्याचा काळा ०.१२ निट्सवर अडतो. अंधाऱ्या खोलीत हा फरक प्रचंड आहे. पण पडद्यावर ३०० लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड पडत असेल आणि त्यातला फक्त १ टक्का जरी विखरून परत आला, तरी दोन्ही पडद्यांच्या काळ्यावर जवळजवळ १ निटचा थर चढतो. मग हिशेब केला तर ओलेडचा काँट्रास्ट सुमारे १२७:१ आणि आयपीएसचा सुमारे ११३:१ उरतो. शिवाय क्यूडी-ओलेडवर नेहमीच्या ओलेडसारखा पोलरायझर (बाहेरच्या उजेडाचे परावर्तन अडवणारा थर) नसल्याने उजेडात त्याचा काळा राखाडी-जांभळट दिसतो. थोडक्यात, तुम्ही ज्या उजेडात काम करणार त्याच उजेडात काळा तपासा, दिवे मालवून नव्हे.

रेखीवपणाबाबत फार डोके शिणवू नये. ६० सेंटिमीटरवरून २७ इंची ४के पडद्यावर दृष्टीच्या एका अंशात सुमारे ६७ पिक्सेल बसतात आणि ३२ इंचीवर ५८, आणि सामान्य तीक्ष्ण दृष्टीची मर्यादा साधारण ६० मानतात. अक्षरांच्या कडा मात्र जवळून पाहाव्यात, कारण क्यूडी-ओलेडचे उपपिक्सेल (एका पिक्सेलमधले लाल, हिरवे आणि निळे ठिपके) त्रिकोणी मांडणीत असल्यामुळे काळ्या अक्षरांच्या वरच्या-खालच्या कडांना हिरवट-गुलाबी झाक दिसू शकते.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी राखाडी पट्टीही दोन्हींवर उघडावी. तिच्यात पायऱ्या दिसल्या तर लगेच पॅनेलला दोष देऊ नये, कारण सॉफ्टवेअर कॅलिब्रेशनमध्ये ग्राफिक्स कार्डाकडून जाणाऱ्या ८ बिटांच्या २५६ पातळ्यांतल्याच काही गळतात. मॉनिटरच्या आतल्या तक्त्यात कॅलिब्रेशन साठवणारी, म्हणजे हार्डवेअर कॅलिब्रेशनची, सोय असेल तर ही अडचण बरीच टळते. त्यानंतर पूर्ण पडदा गडद राखाडी करून ओलेडवर उभे पट्टे आणि आयपीएसवर कोपऱ्यांची चमक शोधावी. हे दोष एकाच मॉडेलच्या दोन नगांतही कमी-जास्त असतात, त्यामुळे परीक्षणातल्या नगावरून तुमच्या नगाचा अंदाज बांधता येत नाही. (फोनने काढलेल्या तुलनेच्या छायाचित्रांवर तर मुळीच विसंबू नये, तिथे कॅमेऱ्याचे एक्स्पोजर आणि तुमचा स्वतःचा पडदा यांचीच परीक्षा होते.)

चित्रपटांसाठी, विशेषतः अंधारात एचडीआर (अधिक उजळ आणि अधिक गडद छटा असलेले चित्र) पाहण्यासाठी, ओलेडच घ्यावा, यात मला शंका नाही. डिस्प्लेएचडीआर ४०० (मॉनिटरच्या एचडीआर क्षमतेचे एक प्रमाणपत्र) चा शिक्का असलेल्या आयपीएसला बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची सक्तीच नाही, त्यामुळे तो शिक्का फारसा उपयोगाचा नाही. छपाईसाठी मात्र मी ॲडोब आरजीबी (एसआरजीबीहून विस्तृत रंगक्षेत्र) जवळजवळ पूर्ण व्यापणारा, हार्डवेअर कॅलिब्रेशनची सोय असलेला आयपीएस निवडेन, कारण एसआरजीबीबाहेरचे मोरपंखी आणि हिरवट निळे रंग शाईत उतरतात आणि ते पडद्यावर आधी दिसणे गरजेचे असते. संपादनाच्या प्रोग्रॅमच्या न हलणाऱ्या पट्ट्या दिवसभर एकाच जागी असल्या की ओलेडवर त्यांचा कायमचा ठसा उमटण्याची जोखीमही राहते. मुख्य काम छपाईचे असल्यामुळे तुमच्या जागी मी आयपीएसच घेईन, आणि छापलेला कागद पडद्यापेक्षा अंधारा वाटू लागला तर ब्राइटनेस १२० वरून ८० ते १०० निट्सपर्यंत उतरवून पाहीन.