युद्धाच्या हालअपेष्टांत रचलेलं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत: सुरुवात कुठून करावी?

तुम्ही म्हणता, कान फक्त आपल्या गाण्याला सरावलेले आहेत. मग ऑलिव्हिए मेसियां ऐका, त्याचं 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' (क्वार्टेट म्हणजे चार वाद्यांसाठीची रचना).

1940 साली जर्मनांनी या फ्रेंच ऑर्गनवादकाला कैद केलं आणि ग्योर्लित्सच्या युद्धकैद्यांच्या छावणीत टाकलं. तिथे त्याच्यासोबत एक क्लॅरिनेटवादक, एक व्हायोलिनवादक आणि एक चेलोवादक कैदेत होते. पियानोवर तो स्वतः. म्हणून ही चार वाद्यं, एरवी असा मेळ कोण जमवतो! एका जर्मन पहारेकऱ्याने कागद-पेन्सिली पुरवल्या. 15 जानेवारी 1941 ला, कडाक्याच्या थंडीत, बराकीतल्या बेसूर पियानोवर त्यांनी ते कैद्यांना वाजवून दाखवलं. श्रोते पाच हजार होते, असं मेसियां पुढे सांगायचा. प्रत्यक्षात काही शेच असावेत. ती रात्र त्याच्या मनात तेवढी मोठी झाली होती, असं मी समजतो.

आता मला तबल्यामुळे जिव्हाळ्याची वाटणारी गोष्ट. मेसियांने शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तले देशी ताल अभ्यासले होते. हा ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आपल्या दौलताबादला लिहिला गेला. क्वार्टेटच्या पहिल्याच भागात रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल जोडून पियानोचं 17 आघातांचं आवर्तन बांधलंय. त्यावर कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह, मात्र 29 फिरतात. दोन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला 493 आघात लागतील, आणि हा भाग तर तीनेक मिनिटांत संपतो. आपला कान समेची वाट पाहत राहतो, ती येतच नाही. पहिल्यांदा ऐकताना मी मांडीवर हाताने मात्रा मोजत होतो. चौथ्या वेळी मोजणं सोडलं, तेव्हा कुठे वर क्लॅरिनेट आणि व्हायोलिन काढतात ते पक्ष्यांचे आवाज ऐकू आले.

लगेच पुढचे भाग नका घेऊ. पहिला दोन-तीनदा झाला की तिसरा लावा. त्यात क्लॅरिनेट एकटं आहे, आणि एकेक स्वर जवळजवळ शून्यातून उगवून असह्य होईपर्यंत चढत जातो. आपल्याकडे आलापीत षड्ज लावून धरतात, त्या ओळखीने ऐका. छावणीत हा भाग वाजवणारा क्लॅरिनेटवादक आँरी अकोका ज्यू होता. 1941 मध्येच तो क्लॅरिनेट काखोटीला मारून धावत्या आगगाडीवरून उडी टाकून निसटला.