आधी १९६५चं की १९७०चं?

प्रश्न: चेलोवादक जॅकलिन द्यु प्रेने वाजवलेला, इंग्लिश संगीतकार एल्गारचा चेलो कन्चेर्टो (म्हणजे चेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यासाठी, ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना) ऐकायचाय, पण १९६५ आणि १९७०, अशी दोन रेकॉर्डिंग दिसतायत. आधी कुठलं ऐकू?

उत्तर: डोळे मिटून १९६५चं! लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर बार्बिरोली, आणि ही पोरगी तेव्हा जेमतेम २० वर्षांची. सुरुवातीलाच एकटा चेलो जाडजूड कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवतो, तिथे गज तारांवर असा ओढलाय की लाकूडच बोलतंय असं वाटतं. गंमत म्हणजे १९१९ला हा कन्चेर्टो पहिल्यांदा वाजला तेव्हा बार्बिरोली स्वतः ऑर्केस्ट्रात चेलो वाजवत होते. १९७०चं फिलाडेल्फियातलं, लाइव्ह, कंडक्टर नवरा बॅरेनबॉइम, जास्त मोकळं पण फार रेंगाळणारं, मला तर जरा अतीच वाटतं, तरी शेवटाकडे तिसऱ्या भागाची सुरावट परत येते ना, तेवढ्यासाठी तेही ऐकाच.