दम लागतो तो नुसत्या वजनाचाच का?

प्रश्न : मी 52 वर्षांची, सिडकोत राहते. उंची पाच फूट, वजन 72 किलो. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून पोट सुटतच चाललंय. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आधी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन एका दमात चढायचे, आता दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं आणि जबडा दुखल्यासारखा होतो, थांबलं की जातं. ईसीजी नॉर्मल आलाय. घरचे म्हणतात वजन कमी कर, सगळं ठीक होईल. हार्टचं दुखणं पुरुषांनाच होतं ना?

उत्तर : ताई, वजनाचं नंतर बघू, आधी तुमच्या जबड्याचं बोलू. चढताना दुखतं आणि थांबलं की जातं, हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं, त्यामुळे याच आठवड्यात हार्टच्या डॉक्टरांना दाखवा आणि "चढताना जबडा दुखतो" हे अगदी याच शब्दात सांगा, नुसतं "दम लागतो" म्हणू नका. बायकांना छातीत दुखतंच असं नाही, दम, थकवा, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं एवढ्यावरच कधी कधी भागतं आणि मग सगळे ॲसिडिटी नाहीतर वजन म्हणून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. ईसीजी तुम्ही पडून असताना काढलेला, रक्तवाहिनी अरुंद असली तरी आरामात असताना तो नॉर्मल येऊ शकतो. डॉक्टर टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, स्ट्रेस टेस्ट म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी सांगतील, गुडघ्यांमुळे पट्ट्यावर चालणं जमत नसेल तर दुसऱ्या तपासण्या आहेत. आणि बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, तर मुलगा ऑफिसातून यायची वाट बघू नका, 108 ला फोन लावा.

आता वजन. पाळी चालू असते तोवर बायकांची चरबी जास्त करून मांड्या-कमरेवर बसते, पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरतं आणि चरबी पोटात आतड्यांभोवती साठायला लागते. ही चरबी नुसती पडून राहत नाही हो, तिच्यामुळे इन्सुलिन नीट काम करत नाही, बीपी-साखर चढते, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थर साचत जातो. अमेरिकेत 1976 मध्ये नर्सेस हेल्थ स्टडी सुरू झाला, लाखाहून जास्त नर्सेस होत्या त्यात, 1990 साली त्यांनी छापलं की सगळ्यात जाड गटातल्या बायकांना हार्टचा आजार सडपातळ बायकांच्या तीन पटींहून जास्त होता. तेव्हा पुरुषांचंच दुखणं हे डोक्यातून काढा. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 31 येतो, आपल्याकडे 25 लाच लठ्ठपणा धरतात. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का तेही डॉक्टरांना आठवून सांगा, त्याचा संबंध आता लागतो.

तपासणी होईपर्यंत वजन उतरवायला म्हणून पांडवलेणीचा डोंगर चढायला जाऊ नका, प्लीज. डॉक्टरांनी हो म्हटलं की मग सपाट जागेवर चाला, अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. पाच-सात किलो उतरले तरी बीपी आणि साखरेत फरक दिसतो, एकदम 50 किलोचं स्वप्न नको. आणि एक, रात्री पातेल्यात उरलेला भात वाया जायला नको म्हणून तुम्हीच संपवत असाल, तर तो उद्या फोडणीचा होऊ दे आणि सगळ्यांनी मिळून खाऊ दे.

प्रश्न : माझं वजन 54 किलोच आहे, फक्त पोट दिसतं. मला काही धोका नाही ना? (नाशिकरोड)

उत्तर : काटा नका बघू, टेप घ्या, शिवणकामाची चालेल. परकराची नाडी सोडा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या बरोबर मध्ये टेप धरा. 80 सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेएकतीस इंच किंवा त्याच्या वर आलं तर वजन कितीही असो, बीपी, साखर आणि उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी करून घ्या. दरवर्षी नाडी थोडी लांब घ्यावी लागत असेल तर टेपशिवायही कळलंच तुम्हाला.