मागे वळून पाहताना नोकरी-पैशाचा तुमचा कोणता निर्णय चुकला असं वाटतं?

तुम्ही लिहिलंय की वय ४३, खासगी कंपनीत सोळा वर्षं झाली, आता कंपनीने स्वेच्छानिवृत्तीचं पॅकेज पुढे केलंय. ते घ्यावं का, आणि ज्यांनी पूर्वी घेतलं त्यांना आज काय वाटतं, असा तुमचा प्रश्न आहे. मी २००१ मध्ये घेतली होती. बँकेतून. तेव्हापासून आजतागायत माहेरी, सासरी, लग्नकार्यात एकच वाक्य ऐकत आलेय, "सोन्यासारखी नोकरी सोडलीस." म्हणून उत्तर लिहायला बसले. नोकरी सोडली ही माझी चूक नव्हती. चूक त्याच्या सहा वर्षं आधी झाली होती, आणि तिच्याबद्दल मला आजवर कोणीही बोल लावलेला नाही, कारण ती कोणाला माहीतच नाही.

१९८० साली मी कोल्हापुरात एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागले. १९९५ मध्ये बँकांची पेन्शन रेग्युलेशन्स आली. तोवर आम्हाला पेन्शन नव्हतं, फक्त पीएफ. आता दोन्हीतलं एक निवडायचं होतं. पेन्शन हवं असेल तर पीएफमधला बँकेचा हिस्सा सोडायचा. नको असेल तर आहे तसं चालू द्यायचं. शाखेत महिनाभर दुसरा विषय नव्हता. पीएफवर १२ टक्के व्याज मिळत होतं, त्यामुळे हातची रक्कम सोडायला कोणी राजी नव्हतं. शिवाय त्या नियमांत संपाबद्दल एक कलम होतं. संपावर गेलात तर आधीची नोकरी पेन्शनसाठी धरली जाणार नाही, अशी भीती त्यावरून पसरली होती. दर वर्षी एक-दोन संप करणाऱ्या आम्हा लोकांना ते कलम पुरेसं होतं.

मी घरी येऊन यांना विचारलं. आमचे हे शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर. ते म्हणाले, "पेन्शन माणूस आहे तोवर. पीएफ आपल्या हक्काचा. एकरकमी पैसा हातात असलेला बरा." मी ३८ वर्षांची होते, म्हातारपण फार लांब वाटत होतं. दिवसभर व्याजाचे तक्ते भरणारी बाई मी, पण स्वतःच्या आयुष्याचा हिशेब एका कागदावर मांडला नाही. 'पेन्शन नको' असा पर्याय लिहून दिला आणि विसरले.

२००० साल उजाडलं तेव्हा बँकेतलं वारं बदललं होतं. तेव्हाचे अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी बजेटमध्ये बँकांमधला सरकारी हिस्सा ३३ टक्क्यांपर्यंत खाली आणायचं जाहीर केलं होतं. कॉम्प्युटर आले होते. त्या गणपतीत सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू पूर्ण गेली. मुलगा दहावीत. सकाळी त्यांचं सगळं आवरून, डबे भरून मी पावणेदहाला लक्ष्मीपुरीतल्या शाखेत पोचत होते आणि संध्याकाळी सहाला परत आले की त्यांची चादर ओली असायची. सांभाळायला ठेवलेली बाई दुपारी निघून जायची. अशा वेळी व्हीआरएसचं, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचं, सर्क्युलर आलं. १५ वर्षं नोकरी किंवा ४० वर्षं वय झालेल्यांना घेता येणार. भरलेल्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी असेल ते. देशभरातून सरकारी बँकांचे सुमारे एक लाख लोक त्या वेळी बाहेर पडले. ते सगळे काही मूर्ख नव्हते.

माझी २१ वर्षं, म्हणजे ४२ महिन्यांचा पगार. साधारण साडेचार लाख. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे धरून दहा लाखांच्या आसपास. घराचं कर्ज फेडून साडेआठ उरले. आम्ही दोघांनी वहीत हिशेब केला होता: सहा लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावावर, ११ टक्क्यांनी महिना साडेपाच हजार. माझा पगार अकरा हजारांच्या आत-बाहेर होता, त्याच्या निम्मे घरबसल्या. पटण्यासारखंच होतं. ३१ मार्च २००१ ला मी सुटले आणि पैसे हातात यायच्या आधी, १ मार्चलाच, पोस्टाचा दर साडेनऊ टक्के झाला होता. साडेपाच हजारांचे पावणेपाच हजार झाले. सहा वर्षांनी तीच रक्कम पुन्हा ठेवली तेव्हा ८ टक्के, म्हणजे चार हजार. आणि तोवर दूध, गॅस, मुलाची इंजिनिअरिंगची फी कुठे जाऊन पोचली होती ते तुम्हाला सांगायला नको.

यांनी एक लाख युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेत घालायला लावले. सरकारीच आहे, बुडणार कुठे, असं तेव्हा सगळेच म्हणत. चौदा रुपयांच्या आसपास भाव देऊन युनिटं घेतली आणि जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्रीच थांबवली. पुढे सरकारने पाच हजार युनिटांपर्यंत १२ आणि त्यावर १० रुपयांची हमी दिली. म्हणजे वीस टक्क्यांच्या आसपास मुद्दल गेलं, आणि दोन वर्षं रात्रीची झोप गेली ती वेगळीच.

तरीही सांगते, सासूबाईंना सांभाळलं त्या चार वर्षांबद्दल मला पश्चात्ताप नाही. सासूबाई २००४ मध्ये गेल्या, माझ्या हातून पाणी पिऊन गेल्या. त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी. मुलाची दहावी-बारावी झाली. नंतर सहा वर्षं एका पतसंस्थेचे हिशेब पाहून थोडे कमावले. लोकांना फक्त सुटलेला पगार दिसतो.

मला खरा धक्का कधी बसला तर माझ्याबरोबरच व्हीआरएस घेतलेली एक मैत्रीण राजारामपुरीत भेटली तेव्हा. तिने १९९५ मध्ये पेन्शनचा पर्याय निवडला होता. तिच्या पासबुकात दर महिन्याला रक्कम जमा होत होती, आणि महागाई भत्त्याने ती दर सहा महिन्यांनी थोडी सरकत होती. माझी व्याजाची रक्कम मात्र कमी कमी होत चालली होती. त्या रात्री पहिल्यांदा मी वहीत दोन रकाने आखले. १९९५ मध्ये आखायला हवे होते ते.

मग २०१० आलं. बँका आणि कर्मचारी संघटनांच्या २७ एप्रिलच्या करारात, पूर्वी पेन्शन न घेतलेल्यांना दुसरी संधी मिळाली. व्हीआरएस घेतलेलेही त्यात बसत होते. अट अशी की निवृत्तीच्या वेळी मिळालेला पीएफमधला बँकेचा हिस्सा व्याजासकट परत करायचा, वर त्याच्या ५६ टक्के आणखी भरायचे. पर्याय लिहून द्यायला ६० दिवस. माझा बँकेचा हिस्सा होता एक लाख नव्वद हजार. ५६ टक्के धरून २,९६,४०० रुपये.

घरात कडाक्याचं भांडण झालं. हे म्हणाले, "ऐन पन्नाशीत हातातले तीन लाख कोणी परत देतं का? उद्या तुला-मला काही झालं तर?" मुलगा नवा नोकरीला लागलेला, तो म्हणाला म्युच्युअल फंडात टाक. मी कोणाचं ऐकलं नाही. एफडी मोडून एक लाख बहात्तर हजार आले. बाकीच्यासाठी पाटल्या आणि गोफ. पाटल्या लग्नातल्या, आईने घातलेल्या, पाच तोळ्यांच्या. हात सुजल्यामुळे निघेनात. मोरीत बसून साबण लावून काढल्या, मनगटावर पांढरा पट्टा राहिला. गुजरीतल्या सराफाने काट्यावर ठेवल्या, घट धरली, गोफासकट साडेसात तोळ्यांचे सव्वा लाख हातात ठेवले. दुसऱ्या दिवशी माझ्याच जुन्या शाखेत रांगेत उभी राहून रक्कम भरली. काउंटरपलीकडच्या मुलीला मी कोण ते ठाऊक नव्हतं.

पेन्शन २७ नोव्हेंबर २००९ पासून धरून आलं. सुरुवातीला महिना साडेपाच हजारांच्या आसपास. आज भत्ता वाढून तेरा हजारांच्या वर आहे.

गेली काही वर्षं सोन्याचा भाव वाढला की आमच्याकडे तो विषय निघतोच. तोळा लाखाच्या पुढे गेला त्या दिवशी हे पेपर घेऊन स्वयंपाकघरात आले, "बघ, पाटल्या ठेवल्या असत्यास तर!" मी त्यांना वही काढून दाखवली आणि इथेही लिहिते, एकदा कायमचं. पाटल्या-गोफ २०२५ च्या भावाने आठ-दहा लाखांचे. एफडी तशीच वाढली असती तर पाचेक लाख. आणि पंधरा वर्षांचं पेन्शन आजवर सोळा लाखांच्या वर मिळालंय, पुढेही मिळणार आहे, आणि माझ्यामागे त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. फरक फार मोठा नाही, हे मी मान्य करते, आणि सोनं आणखी वाढलं तर तो मिटेलही. पण त्या पाटल्या आम्ही दर महिन्याला तुकडा तुकडा विकून औषधं आणली असती का? एकरकमी पैसा घरात आला की त्यावर मुलाचा, दिराचा, डॉक्टरचा, सगळ्यांचा हक्क लागतो. महिन्याचं पेन्शन माझ्या खात्यात येतं आणि ते माझं असतं. यांना स्वतःला ईपीएस-९५ चे, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचे, महिना १,८४० रुपये मिळतात. तीस वर्षं भट्टीसमोर काढलेल्या माणसाला एवढेच. त्याबद्दल मला राग आहे, पण 'एकरकमी बरं' हे त्यांनी मला दिलेलं उत्तर चुकीचं होतं, हेही तितकंच खरं. आणि विचार न करता मान डोलावली ती मी.

तुमच्याबद्दल. पॅकेज घ्या की नको हे मी सांगू शकत नाही, तुमच्या घरात कोण आजारी आहे, कोण शिकतंय, ते मला माहीत नाही. पण आकडा बघून सही करू नका. कंपनी वर्षामागे किती दिवसांचा पगार देतेय ते बघा, आणि तो मूळ पगार आहे की सगळा, हे लेखी घ्या. प्राप्तिकर कायद्यात स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेला पाच लाखांपर्यंतच करमाफी आहे, आणि तीही योजना त्या नियमांत बसत असेल तरच, वरचं करपात्र. तुमची सोळा वर्षं झालीत, म्हणजे ईपीएसचे सदस्य असाल तर तिचं पेन्शन ५८ व्या वर्षी मिळणारच. ते कितीही थोडं असलं तरी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे त्या योजनेतल्या तुमच्या वर्षांचा दाखला, घेऊन ठेवा, नवी नोकरी लागली तर तिथे जोडा. कंपनीचा आरोग्य विमा सुटेल, तर आधी स्वतःचा काढा, राजीनाम्यानंतर नाही. आणि व्याजाचा हिशेब आजच्या दराने करू नका. आमचा दर आमच्या डोळ्यांदेखत घसरला, म्हणून दोन टक्के कमी धरून महिना निघतो का ते पाहा.

एक मात्र उशिरा आठवलं ते सांगते. माझी गोष्ट बँकेची आहे, तिथे मला पंधरा वर्षांनी चूक दुरुस्त करायची संधी मिळाली. खासगी कंपनीत सोडलेली गोष्ट कोणी परत देत नाही. आणि मी ज्या वहीत रकाने आखले ती वही बायकोसमोर उघडा. माझ्या पेन्शनच्या कागदावर सही माझी होती, पण विचार यांचा होता. तुमच्या घरी तसं होऊ नये. नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला शाखेत गेले तेव्हा हे बरोबर आले होते. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कोणते कागद लागतात. मी त्यांना पासबुकाची झेरॉक्स काढून दिली, आधारची काढायची राहिली आहे.