गुडघ्याची हमी कोण देणार?

‘ऑपरेशन चांगले झाले, डॉक्टर समाधानी आहेत, पण पाय टाकताना मन धजत नाही, गुडघा पुन्हा गेला तर?’ कोल्हापुरात खेळाडूंसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाला हा प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. शाहू स्टेडियमवर उतरणारे पेठांचे फुटबॉलपटू, तालमीतले मल्ल, पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावण्याचा सराव करणारी मुले, प्रत्येकाची गोष्ट निराळी असली तरी शेवटचे वाक्य बहुधा हेच असते. त्यांपैकी एका फुटबॉलपटूशी झालेला संवाद, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, येथे देत आहे.

बावीस वर्षांच्या या तरुणाचा उजव्या गुडघ्यातील पुढचा क्रूसबंध, ज्याला मैदानावर सगळे ‘एसीएल’ म्हणतात, तुटला होता. शस्त्रक्रियेला आठ महिने होत आले होते, तरी सरावात चेंडू जवळ आला की तो पाऊल मागे घेई, म्हणून त्याच्या फिजिओथेरपिस्टने त्याला माझ्याकडे पाठवले. सोबत आई होती. “मॅडम, खेळ सोड म्हणून तुम्हीच सांगा ह्याला,” त्या बसता बसताच म्हणाल्या. मुलाला अगदी उलट हवे होते. “पुन्हा तुटणार नाही, एवढंच एकदा सांगा. बाकी मी बघतो.” दोघांनाही माझ्याकडून निकाल हवा होता, आणि तो देणे माझे काम नव्हते.

ज्याची भीती वाटते ती वस्तू आधी नीट पाहावी, असा माझा आग्रह असतो. त्याला फक्त ‘आत तार जोडली आहे’ एवढेच ठाऊक होते. मी कागदावर आकृती काढली. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड, पुढे वाटी. दोन हाडांच्या मध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गाद्या. आतल्या व बाहेरच्या बाजूला एकेक अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. आणि सांध्याच्या अगदी गाभ्यात एकमेकांना छेदणारे दोन क्रूसबंध. त्यांतला पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पायाच्या पिळाला आवर घालतो. तो पूर्ण तुटला तर सहसा आपणहून नीट जुळत नाही, म्हणून या मुलाच्या मांडीमागच्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून तेथे बसवला होता. हा कंडरा सुरुवातीच्या काही आठवड्यांत उलट अधिक दुबळा होतो आणि अस्थिबंधासारखा होण्यास त्याला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. शिवाय मूळ बंधात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी चेतातंतूंची टोके असतात. बंध तुटला की ती खबरही तुटते. त्यामुळे ‘पाय आपला वाटत नाही’ या तक्रारीला शारीरिक आधार आहे. ते भित्रेपण नव्हे, हे ऐकल्यावर तो प्रथमच सैलावून बसला.

मग मी विचारले, “दुखापत झाली तेव्हा अंगावर कोण आला होता?”

“कोण नाही. एकटाच वळलो. बूट मातीत रुतला, अंग फिरलं, गुडघा आत गेला आणि कट्ट वाजलं. तासाभरात सुजून टम्म.”

“आणि आता भीती कशाची वाटते?”

“टॅकलची.”

उत्तर देऊन तो स्वतःच थबकला. फुटबॉलमध्ये हा बंध बहुतेक वेळा थेट धडकेविना, वळताना किंवा उडीनंतर पाय टेकताना तुटतो. म्हणजे तो ज्या गोष्टीपासून पळत होता तिने त्याचा गुडघा मोडला नव्हता, आणि जिने मोडला ती, म्हणजे वळण्याची व पाय टेकण्याची पद्धत, सरावाने सुधारता येण्यासारखी होती.

तरीही हमीचा हट्ट सुटला नाही. घरचे, मंडळातले मित्र, सगळे ‘काही होत नाही रे’ म्हणत होते आणि प्रत्येक दिलासा संध्याकाळपर्यंत विरून जात होता. रात्री दार लावून तो उठाबशा काढून गुडघा ‘तपासत’ असे. अशा वेळी आणखी एक दिलासा देणे म्हणजे खाऱ्या पाण्याने तहान भागवणे. मी खरे ते सांगितले: पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया होऊन खेळात परतलेल्यांचे अभ्यास एकत्र केले तेव्हा सुमारे 23 टक्के खेळाडूंना अशी दुखापत पुन्हा झालेली दिसली, कोणाला त्याच गुडघ्यात, तर कोणाला दुसऱ्या, धडधाकट गुडघ्यात.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दुसऱ्यात पण?”

“हो.”

“म्हणजे डाव्याचीही हमी नाही. मग त्याच्यावर मी रोज बिनधास्त उडी कसा मारतोय?”

हे वाक्य मी सुचवलेले नव्हते. मात्र त्यासाठीची जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली होती, एवढे श्रेय मी घेते. डाव्या पायावरचा त्याचा विश्वास कोणत्याही हमीवर उभा नव्हता. उजव्याकडूनच तो अशी अट मागत होता जी देहाच्या कोणत्याही अवयवाने आजवर पाळलेली नाही. विवेकनिष्ठ विचारसरणीत मी घडले असल्यामुळे मला नेहमी वाटते की ‘गुडघा टिकावा’ ही इच्छा माणसाला व्यायामाकडे नेते, तर ‘गुडघा टिकलाच पाहिजे, आणि ते मला आजच कळले पाहिजे’ ही मागणी त्याला बाकावर बसवते.

हमीच्या जागी पुरावा ठेवता येतो. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के व्हावी, एका पायावरच्या उड्यांच्या चाचणीतही तसाच ताळमेळ असावा, आणि 9 महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरू नये. हा काळ पूर्ण होईपर्यंत पुनरागमन लांबवल्यास महिन्यागणिक धोका जवळपास निम्म्याने घटत गेल्याचे एका अभ्यासात दिसले आहे. ‘पट्टा बांध आणि उतर’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांना या तीन गोष्टी दाखवाव्यात. रात्रीची तपासणी मात्र बंद करावी, कारण तिने स्नायू वाढत नाही, शंका वाढते.

प्रत्येक भीती समुपदेशकाकडे आणण्याची नसते, हेही सांगायला हवे. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा खरोखर निसटत असेल, पुन्हा सूज येत असेल किंवा पाय वाकलेल्या स्थितीत अडकून सरळच होत नसेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. असे अडकणे अनेकदा फाटलेल्या गादीचा तुकडा सांध्यात सापडल्याने होते, आणि त्यावर बोलण्याने इलाज होत नाही.

आईंशी मी वेगळी बोलले. खेळ सोडायचा की नाही, हा निर्णय मुलाचा. पण चाचण्यांचे आकडे त्यांनाही दाखवायचे, असे ठरले. तो हंगाम त्याने मैदानाबाहेर काढला. पुढच्या हंगामात तो बदली खेळाडू म्हणून उतरला, तेव्हाही भीती वाटत होती, असे त्याने सांगितले, आणि त्यावर उपाय विचारला नाही.